मधलं तावदान

१

गुरुवारी सकाळी हर्षा निंभोरकरने अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या काचकामाच्या कारखान्याचं कुलूप उघडलं आणि तिची किंकाळी गल्लीभर ऐकू गेली. शेजारचा फ्लेक्सवाला मनोज धावत आला. लाकडी चौकटीत, दुरुस्तीला आलेल्या चर्चच्या रंगीत खिडकीचं डावं तावदान जागेवर होतं, उजवंही होतं. मधल्या जागेतून मात्र आरपार दिसत होतं. कुलूप शाबूत, कडी शाबूत, खिडक्यांचे गज शाबूत.

हे सगळं मला त्याच दिवशी दुपारी अमरावतीत, माझ्याच ओट्यावर बसून नीलम बोर्डेने सांगितलं. ती शाळेत शिकवते, आणि आमच्या कॅम्प भागात बांधून झालेल्या नव्या चर्चच्या कमिटीची सचिव आहे. ती नीट बसतही नव्हती. पाण्याचा पेला उचलायची, न पिताच खाली ठेवायची.

माझ्याकडे ती का आली, तेही सांगते. मी भावना तायडे. सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी काचेचे तुकडे तपासले. अपघातातल्या गाड्यांचे दिवे, फोडलेली दुकानं, कुणाच्या तरी शर्टाला चिकटलेली कणभर काच. जानेवारीत निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरात जीव रमत नाही. दिवसातून तीनदा कपाट आवरते. नीलमला हे माहीत होतं.

"तुम्ही ती खिडकी पाहिलीच नाही ना कधी?" तिने विचारलं.

मी पाहिली नव्हती. पण तिच्याबद्दल अमरावतीत बऱ्याच जणांनी ऐकलं होतं. चांदूर बाजारपासून सात-आठ किलोमीटरवर बोरखडी नावाचं गाव आहे. तिथे मिशनचं जुनं चर्च होतं. छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९००च्या, दुष्काळात मिशनने तिथे अनाथ पोरांसाठी आश्रम चालवला, आणि त्याची आठवण म्हणून पुढे विलायतेतून ही रंगीत काचेची खिडकी करून आणली. डाव्या तावदानात पाणी शेंदणाऱ्या बाया, उजव्यात ताटल्या घेऊन बसलेली लेकरं, आणि मधल्यात सुपातून ज्वारी वाढणारी एक बाई. विलायतेतल्या कारागिराने उलटा छापला गेलेला फोटो पाहून चित्र काढलं, त्यामुळे तिचा पदर चुकून उजव्या खांद्यावर आला. आश्रमात राबणाऱ्या यमुनाबाई नावाच्या आयाचा तो चेहरा आहे, असं बोरखडीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

दोन वर्षांपूर्वीच्या वादळात त्या चर्चचं छप्पर बसलं. भिंती खचल्या, पण खिडकी वाचली. गावात आता अकराच ख्रिस्ती घरं उरली आहेत. चर्च पुन्हा बांधणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा अमरावतीच्या ख्रिस्ती मंडळीने ठरवलं, खिडकी सोडवून आणायची, दुरुस्त करायची आणि नव्या चर्चमध्ये बसवायची. दुरुस्तीचं काम अकोल्याच्या सहदेव निंभोरकरांना दिलं. ईस्टरच्या रविवारी खिडकी बसलेली असणार होती. आज गुरुवार.

"पोलिसांनी एकाला धरलंय," नीलम म्हणाली.

"कुणाला?"

"भगवंतराव उजागरे. बोरखडीचे. यमुनाबाईचे नातू." तिने पेला उचलला आणि पुन्हा ठेवला. "खिडकी न्यायला त्यांचा विरोध होता. भर सभेत म्हणाले होते, ही अमरावतीत लागणार नाही. काल संध्याकाळी आम्ही सगळे खिडकी पाहायला अकोल्याला गेलो, तेही आले होते. आम्ही परत आलो, ते मागे राहिले. आज सकाळी अकोल्याच्या एसटी स्टँडवर सापडले."

"मग ते काय म्हणतात?"

"काहीच नाही. चोरली नाही असंही म्हणत नाहीत. एक्काहत्तर वर्षांचे आहेत हो. मला चौथीत त्यांनी शिकवलं. आणि पोलिसांना त्यांचं नाव मी सांगितलंय, ताई. मीच."

२

दोनच्या एसटीने आम्ही निघालो. एप्रिलचं ऊन खिडकीतून भाजून काढत होतं. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो तेव्हा पाच वाजत आले होते.

निंभोरकरांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून काचांच्या थप्प्या, मधे मोठं टेबल, आणि पश्चिमेला भिंतभर गजांची खिडकी. त्या खिडकीसमोरच चौकट उभी होती. पोलिसांनी ती हलवू नका म्हणून बजावलं होतं.

सहदेव निंभोरकर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"चाळीस वर्सं झाली मॅडम," ते म्हणाले. "मंदिराची काच असो, दर्ग्याची असो, कोनाची असो. आजलोक माह्या हातून एक तुकडा कमी झाला नाई. अन् आता डोये बंद होते तं हे असं झालं."

"मग काम सगळं हर्षा करते?"

"थेच करते. बडोद्याले शिकून आली ना थे. माह्यापेक्षा बारीक हात हाये तिचा."

हर्षा टेबलापाशी उभी होती. सव्वीस-सत्तावीसची, सडसडीत. एकाच फडक्याने तीच ती जागा पुसत होती. काल रात्री ती आणि सहदेवभाऊ बार्शीटाकळीला लग्नात होते, दोनशे माणसांनी त्यांना पाहिलं होतं. मुक्काम तिथेच. सकाळी साडेआठला ती परत आली, कुलूप उघडलं आणि लगेच ओरडली, असं तिने सांगितलं.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक बाबांच्या खिशात."

"भगवंतरावांना तू ओळखत होतीस?"

फडकं थांबलं. "एकदोनदा आले होते खिडकी पाहायला."

सहदेवभाऊंनी मान वर केली. "सकाऊन पोलीस त्याईले इथी घेऊन आलते. जागा दाखवाले. म्हातारा मानूस थो. माह्याशी बोलला नाई. जातानी पोरीले म्हने, 'पोरी, तू तुयं काम कर.' बस, येवढंच."

"म्हणजे काय?" मी हर्षाला विचारलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली आणि काचांच्या थप्पीकडे वळली.

मी नीलमकडे कालचे फोटो मागितले. तिने मोबाइल पुढे केला. फोटो बरोबर याच वेळेचा, पाच वाजून दहा मिनिटांचा. कमिटीची माणसं चौकटीपासून दहा फुटांवर अर्धवर्तुळात उभी. मधे दोरी बांधलेली.

"ही दोरी कशाला?"

"हर्षा म्हणाली, सांध्यांत भरलेलं लांबी-पुटिंग ओलं आहे, जवळ जाऊ नका. पाळकसाहेबांनी इथूनच प्रार्थना केली. आणि हे पाहा भगवंतराव." सगळे खिडकीकडे बघत होते, एकटे भगवंतराव पाठ फिरवून दाराकडे तोंड करून उभे होते. "इतका राग होता त्यांच्या मनात. प्रार्थनेलाही वळले नाहीत."

फोटोत खिडकी झकास दिसत होती. तीनही तावदानं उजळलेली, मधे ती सुपवाली बाई. मी फोटो मोठा केला, लहान केला. काहीतरी डोळ्यांना टोचत होतं आणि हाती लागत नव्हतं.

तेवढ्यात ऊन खाली उतरलं आणि समोरच्या चौकटीतून आत आलं. जमिनीवर डावीकडे निळे-हिरवे तुकडे पसरले. उजवीकडे लाल-पिवळे. मधल्या रिकाम्या जागेतून पांढऱ्या उन्हाचा लांबट चौकोन पडला.

मी पुन्हा फोटो पाहिला, पण या वेळी फक्त जमीन. डावीकडे निळे-हिरवे तुकडे होते. उजवीकडे लाल-पिवळे होते. मधे मात्र रंगही नव्हता आणि ऊनही नव्हतं. नुसता मळकट, दुधट अंधुक पट्टा.

काल संध्याकाळी सगळे खिडकीकडे बघत होते. जमिनीकडे कोण बघतं?

"नीलम," मी हळूच म्हणाले, "काल तुम्ही ज्याच्यासमोर प्रार्थना केली ना, ते मधलं तावदान नव्हतंच."

३

ती रात्र मी आणि नीलमने अकोल्यातल्या माझ्या मावसबहिणीकडे काढली. मला झोप आली नाही. तावदान बुधवारी रात्री गेलं असं सगळे धरून चालले होते. ते त्याच्या आधीच गेलं असेल, तर लग्नातल्या दोनशे साक्षीदारांना काही अर्थ नव्हता, आणि स्टँडवर सापडण्यालाही नव्हता.

आधी नेमकं कधी, हे मला शुक्रवारी सकाळी कुलदीपने सांगितलं. कुलदीप जुनी दारं, खांब, खिडक्या विकत घेऊन मुंबई-पुण्याला हॉटेलवाल्यांना विकतो. ही खिडकी मिळावी म्हणून त्याने कमिटीकडे दोन चकरा मारल्या होत्या. पोलिसांनी त्याचं गोडाऊन आदल्या दिवशीच उलटंपालटं केलं होतं, म्हणून तो आधीच तापलेला होता.

"मॅडम, मी धंदा करतो, चोऱ्या नाई करत. काहून चोरीन? चोरलेला माल विकाले गेलो तं पहिला फोटो माह्याच थोबाडावर येईन."

"शेवटची कधी पाहिलीस?"

"दोनदा पायली. मांगच्या शुक्रवारी गेलो तं त्या पोरीनं सोताच हातात देल्ली. म्हने, पाहा कुलदीपभाऊ, बाईच्या नथीत किती बारीक काम हाये. मंगळवारी पुन्हा गेलो तं हातच लावू देईना. दोरी बांधून ठेवलेली. म्हने पुटिंग ओलं हाये." तो हसला. "पुटिंग तं मांगच्या शुक्रवारी बी वाळेलच होतं. मले वाटलं, मी जास्त भाव करून राह्यलो म्हनून चिडली."

शुक्रवार आणि मंगळवार. त्या मधल्या तीन दिवसांत काहीतरी झालं होतं.

तिथून आम्ही ठाण्यात गेलो. भगवंतरावांना रीतसर अटक नव्हती. चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं. तिथल्या साहेबांनी मला ओळखलं, माझे रिपोर्ट त्यांनी कोर्टात वापरले होते. "दुपारपर्यंत बोलले नाहीत तर मात्र अटक दाखवावी लागेल," ते म्हणाले. "माझ्यापुढे दुसरा माणूसच नाही, मॅडम."

भगवंतराव भिंतीकडच्या बाकावर बसले होते. धुतलेलं धोतर, वरपर्यंत बटणं लावलेला सदरा, मांडीवर दोन्ही हात. आज उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, म्हणून त्यांचा उपास होता. ठाण्यातला चहाही घेतला नव्हता. नीलम त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि रडू लागली.

"नीलम, रडू नको," तेच म्हणाले. "तुले जे वाटलं थे तू सांगितलं. खोटं तं नाई ना सांगितलं?"

"गुरुजी, तुम्ही घेतली का खिडकी? फक्त हो की नाही ते सांगा."

ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

मी त्यांच्या शेजारी बसले. उजव्या हाताच्या दोन बोटांवर आणि तळव्यावर खपल्या धरत आल्या होत्या. आठवड्याभराच्या जखमा.

"हे काय लागलं?"

"संत्र्याचा काटा. घरी चार झाडं हायेत."

संत्र्याचा काटा टोचतो, ओरबाडतो. ह्या जखमा सरळ, बारीक आणि खोल होत्या, एकीला एक समांतर. एकतीस वर्षांत अशा जखमांचे फोटो मी शेकड्याने पाहिले होते. कोसळणारी काच पकडायला माणूस आपसूक हात पुढे करतो, तेव्हा अशाच होतात.

"गुरुजी," मी म्हणाले, "हा काटा शनिवारी लागला की रविवारी?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग हात उलटे करून मांडीवर ठेवले.

"बाई, तुमी हुशार दिसता," ते हलकेच म्हणाले. "हात जोडतो. आता पुढे काई शोधू नका."

४

बारा वाजत आले होते. दुपारपर्यंतची मुदत होती. मी रिक्षा करून पुन्हा जुन्या शहरात गेले, पण कारखान्यात नाही. शेजारी मनोजच्या दुकानात.

दुकानात वाढदिवसांचे, श्रद्धांजलीचे, निवडणुकीचे फ्लेक्स दाटीवाटीने टांगलेले. मशीन घरघरत होतं. मनोज तिशीचा, गोल चेहऱ्याचा, मला पाहताच त्याने मशीन बंद केलं.

"तुझ्या दुकानाबाहेर तो मेडिकलचा बोर्ड आहे," मी म्हणाले. "आत दिवा लावला की उजळतो. त्याला काय म्हणतात?"

"ग्लो साइन."

"त्याचा कागद कसा असतो?"

"दुधी फिल्म असते मॅडम. मांगून उजेड आला की चित्र एकसारखं चमकते, पन आरपार नाई दिसत."

"आणि त्यातून जमिनीवर रंग पडतो?"

"नाई. थो उजेड पसरून जाते..." तो मधेच थांबला. त्याच्या लक्षात आलं होतं मी कुठे चालले आहे ते.

"ईस्टरचा बॅनर तूच छापलास ना? खिडकीचा मोठा फोटो तुझ्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यातलं मधलं तावदान तू दुधी फिल्मवर कधी छापलंस?"

मनोजने बाहेर डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. "रैवारी. हर्षा म्हने, अमरावतीले जागेवर लावून माप पाहाले पायजे. मले काय मालूम? मोठ्या मापाचं छापून देल्लं."

"आणि काल सकाळी ती ओरडली, तेव्हा किती वाजले होते?"

"नऊ वाजून राह्यले होते."

"ती म्हणते, साडेआठला कुलूप उघडलं आणि लगेच ओरडली."

"नाई जी. तिची स्कुटी तं मी आठ-सव्वाआठपासूनच उभी पाहून राह्यलो होतो." तो खाली बघू लागला. "मॅडम, शेजारची पोरगी हाये. लहानपनापासून पायतो. मी कसा बोलू?"

"एक म्हातारा माणूस तिकडे उपाशी बसलाय, मनोज."

तो माझ्याबरोबर उठला. कारखान्यात सहदेवभाऊ खुर्चीतच डुलकी घेत होते. हर्षा नव्हती. मी काचांच्या थप्प्या पाहत गेले. सगळ्या काचांवर धूळ होती, फक्त एकीवर नव्हती. मनोजने ती ओढून काढली. साधी पांढरी काच, पण मधल्या जागेच्या मापाची, तंतोतंत. कुणीतरी ती थिनरने पुसली होती. घाईत एक कोपरा राहिला होता. तिथे चिकटपट्टीची बोटभर रेघ अजून हाताला लागत होती.

म्हणजे या साध्या काचेवर ती फिल्म चिकटवून मधल्या जागेत उभी केलेली होती. रविवारपासून गुरुवार सकाळपर्यंत. काल सकाळी कुणीतरी पाऊण तासात काच बाहेर काढली, फिल्म सोलली आणि गुंडाळली. मग बोंब ठोकली. रात्री कारखान्यात कुणी शिरलंच नव्हतं.

"हर्षा कुठे आहे?" मी विचारलं.

"घरी," सहदेवभाऊ जागे होत म्हणाले. "मांगच्या गल्लीत. म्हने, डोकं दुखून राह्यलं."

५

निंभोरकरांचं घर दोन खोल्यांचं. पुढचं दार लोटलेलं होतं, मधलं आतून बंद. मी कडी वाजवली.

"हर्षा, मी एकटीच आहे. मला चोर नको आहे. मला ती बाई पाहायची आहे."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. खोलीत रसायनाचा उग्र वास होता आणि पंखा बंद होता, धूळ उडू नये म्हणून. पलंग भिंतीला सरकवलेला. जमिनीवर पांढरी चादर अंथरून तिच्यावर यमुनाबाई मांडली होती. पदर, सूप, ज्वारीचे दाणे, हात, सगळं वेगवेगळ्या तुकड्यांत, पण जागच्या जागी. चेहऱ्याचे तीन भाग झाले होते. दोन जुळवून झाले होते. तिसरा, हनुवटीचा, बाजूला सुकत होता.

मी खाली बसले. माझे गुडघे दुखतात, तरी बसले.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," मी म्हणाले. "मागच्या शुक्रवारी तावदान धड होतं, तू ते कुलदीपच्या हातात दिलंस. रविवारी तू त्याची नक्कल छापून घेतलीस. म्हणजे शनिवारी काहीतरी झालं. शनिवारी भगवंतराव आले होते. त्यांच्या हाताला काचेच्या जखमा आहेत. तावदान त्यांच्या हातून फुटलं."

"माझ्यामुळे फुटलं," ती म्हणाली.

"कसं?"

ती चादरीकडे पाहत बोलू लागली. "ते बोरखडीहून दोन बस बदलून आले होते. म्हणाले, सत्तर वर्सं हिच्याकडे खालून पायलं. आजीचा चेहरा जवळून पाहू दे. मी टेबलावर ठेवून दिलं, आणि घरी झोपलेल्या बाबांसाठी चहा टाकायला मागे गेले. फक्त चहा टाकायला. काचेचे तुकडे धरणाऱ्या पट्ट्या शंभर वर्षांच्या शिशाच्या आहेत ताई, त्या मऊ पडतात. उभं धरलं तर काही होत नाही. आडवं उचललं तर मधोमध दुमडतं. हे मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. त्यांनी फोटोची फ्रेम उचलावी तसं दोन्ही कडांना धरून उचललं."

तिने हनुवटीचा तुकडा थोडा सरळ केला.

"मी धावत आले तर ते खाली बसलेले. हातातून रक्त चाललेलं आणि ते तुकडे गोळा करून राहिले होते. रडले नाहीत. मला म्हणाले, कोणी नाई मानणार पोरी, की हे चुकून झालं. मीच बोललो होतो ना सभेत."

ते खरं होतं. नीलमनेही मानलं नसतं.

"म्हणून तू म्हणालीस, मी जोडून देते."

"आठ दिवसांत होईल वाटलं. बुधवारी सगळे पाहायला येणार, तोवर फिल्म लावू. रविवारच्या आत खरं तावदान जागेवर. पण चेहरा जुळेना. घाई केली की सांधा पिवळा पडतो. बुधवारी रात्री लग्नात बसल्या बसल्या मला कळलं, नाही होत. आणि दुसऱ्याच दिवशी खिडकी न्यायला येतो, असं कमिटीचे लोक त्या संध्याकाळी सांगून गेले होते. हात लावला की समजलंच असतं." तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "सकाळी वाटलं, चोरी झाली म्हणू. चोर कधी सापडणारच नाही, कारण चोरच नाही. मग कुणालाच काही होणार नाही. नंतर सगळं जुळलं की कुठेतरी ठेवून देऊ, सापडली म्हणू. गुरुजी तेव्हा गावी पोचले असतील अशीच माझी समजूत होती. त्यांची बस चुकली, ते स्टँडवरच झोपले, हे मला कुठून माहीत?"

"आणि पोलीस त्यांना इथे घेऊन आले."

"मी बोलणारच होते. तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले..."

"तू तुझं काम कर."

ती मान हलवत राहिली. "काल दुपारपासून करून राहिले आहे. एक तुकडा जोडला की वाटतं, आता जाऊन सांगते. मग वाटतं, सांगितलं तर त्यांच्यावर मुद्दाम फोडल्याचा गुन्हा येईल. आणि बाबांचं नाव..."

दारात काहीतरी खरवडलं. आम्ही दोघी वळलो. सहदेवभाऊ उभे होते, मनोजच्या खांद्यावर हात ठेवून. काळा चष्मा त्यांनी काढला होता. लाल डोळ्यांनी ते चादरीकडे बघत होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

ते पुढे आले, सावकाश खाली बसले आणि जोडलेल्या सांध्यावरून अलगद बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा.

"जोड चांगला बसला," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "पन तुले काय वाटलं, बापाचं नाव काचेचं हाये? म्हातारा मानूस तिकडे बसवला तू, अन् इथी माहं नाव वाचवून राह्यली? ऊठ. पायात चपला घाल."

६

ठाण्यात साहेब भडकले, आणि ते साहजिकच होतं. खोटी तक्रार म्हणजे खेळ नाही, पोरीवर केस करतो, असं ते तीनदा म्हणाले. हर्षाने सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली. भगवंतरावांनी तिच्या शेजारी बसून आपलं वेगळं लिहून दिलं, की तावदान माझ्या हातून फुटलं, ह्या मुलीचा दोष नाही. दोघांच्या कागदांवर दोष दोघांनीही स्वतःकडेच घेतला होता. साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि बराच वेळ पेन खाली-वर केलं. शेवटी कमिटी काय म्हणते ते लेखी आणा, मग बघू, म्हणाले. भगवंतरावांना त्यांनी त्याच वेळी सोडलं.

बाहेर नीलम त्यांच्या पायाला हात लावायला वाकली. त्यांनी तिला मधेच धरलं.

"गुरुजी, तुम्ही एक शब्द बोलला असता तर..."

"तर तू मानलं असतं?" त्यांनी विचारलं.

ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "नाही."

त्याच रात्री उशिरापर्यंत कमिटीची बैठक चालली. मी त्यात नव्हते, पण आवाज रस्त्यावर येत होते असं म्हणतात. काहींना खटला हवा होता. काहींना खिडकीच नको होती. शेवटी ठरलं ते एवढंच, की दोन बाजूंची तावदानं बसवायची, मधे तूर्त साधी काच लावायची, आणि हर्षाने मंडळीसमोर येऊन जे घडलं ते सांगायचं. खटल्याचा निर्णय त्यानंतर.

रविवारी मीही गेले. मी बौद्ध घरातली, चर्चमध्ये उपासनेला पहिल्यांदाच बसले. कधी उभं राहायचं, कधी बसायचं ते शेजारणीकडे बघून करत होते. चर्च खचाखच भरलं होतं. बोरखडीची अकराही घरं एका ट्रॅक्स जीपने आली होती आणि मागच्या दोन बाकांवर दाटीवाटीने बसली होती. भगवंतराव त्यांच्या मधे.

हर्षा पुढे गेली. सहदेवभाऊ तिच्या बाजूला उभे राहिले. तिने पाठ केलेलं काहीच नव्हतं. तावदान कसं फुटलं, फिल्म कशी लावली, चोरी झाली असं ओरडले, आणि माझ्यामुळे गुरुजींना एक दिवस आणि एक रात्र ठाण्यात काढावी लागली, एवढं तिने सरळ सांगितलं. मग तिने माफी मागितली.

तिसऱ्या रांगेतला एक माणूस उठून बाहेर निघून गेला. त्याच्या मागोमाग आणखी दोघं. पाळकसाहेब उभे राहिले आणि त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग नीलम उठली. तिने एवढंच सांगितलं की गुरुजींचं नाव पोलिसांना मी दिलं, पुरावा नसताना दिलं, आणि माफीच मागायची असेल तर या मुलीच्या आधी ती मी मागायला हवी. ती बोलत असताना भगवंतराव डोळे मिटून बसले होते.

हर्षाला आता कुठे जावं कळेना. पुढच्या बाकांवरच्या लोकांनी पाय सरकवले नाहीत. सहदेवभाऊंचा हात धरून ती मधल्या वाटेने मागे येऊ लागली, दाराच्या दिशेने. मागच्या बाकाशी पोचली तेव्हा बोरखडीच्या माणिकबाईने, ऐंशी वर्षांच्या, वाळून काटकुळी झालेल्या बाईने, तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"कुठी चालली व?"

हर्षाने दाराकडे बोट दाखवलं.

"उपासना झाली नाई आजून. बस इथी." माणिकबाईने आपल्या सुनेला कोपराने ढकललं. "सरक ना व माय. दिसून नाई राह्यलं काय? सरका समदे. त्या भाऊलेबी जागा द्या."

आठ माणसांच्या बाकावर दहा माणसं बसली. मग पेटी सुरू झाली.